मारियाचं मशीन, भागवंतीचं सोसणं

पेरू देशाची राजधानी लिमा. एका चर्चसमोर सुमारे दहा हजार माणसं जमली आहेत. बायकांनी ठेवणीतले कपडे काढले आहेत, कितीतरी जणींच्या हातात आहेराच्या वस्तू आहेत. आज मारिया रामोसचं लग्न आहे. खेड्यातून शहरात मोलकरीण म्हणून आलेली, फसवली गेलेली, एकटीने मूल वाढवलेली, दिवसभर राबून रात्री अक्षरं गिरवणारी मारिया. तिला लिहायला-वाचायला शिकवणारा मास्तर एस्तेबान वर्षानुवर्षं न बोलता तिच्यावर जीव लावून राहिला आणि आज कुठे दोघांचं जुळून येतंय. मारिया म्हणजे साबी कामालिच नावाची अभिनेत्री, एस्तेबान म्हणजे रिकार्दो ब्लुमे नावाचा नट आणि चर्चमध्ये चाललंय ते चित्रीकरण, हे काही कुणापासून लपलेलं नव्हतं. तरी माणसं आली, आणि आहेर घेऊन आली.

मालिकेचं नाव ‘सिम्प्लेमेंते मारिया’, म्हणजे ‘नुसती मारिया’. कथा मूळची अर्जेंटिनाच्या सेलिया अल्कांतारा या लेखिकेची. तिथे ती १९६७ साली टीव्हीवर आली होती. पण लॅटिन अमेरिकेला वेड लावलं ते पेरूमध्ये १९६९ ते १९७१ या काळात चाललेल्या आवृत्तीने. कृष्णधवल, चारशेहून जास्त भाग. तो काळही लक्षात घ्यायला हवा. १९६९ मध्येच पेरूच्या लष्करी सरकारने जमीनदारांच्या जमिनी काढून घेण्याचा कायदा केला. अँडीज पर्वतातली गावं सोडून माणसं वर्षानुवर्षं लिमाच्या कडेला येऊन झोपड्या बांधत होती आणि त्यांच्या मुली शहरातल्या बंगल्यांमध्ये धुणं-भांडी करायला राहत होत्या. त्या मुलींना टीव्ही दिसायचा तो मालकांच्या दिवाणखान्यात, दाराशी उभं राहून. आणि त्या टीव्हीवर पहिल्यांदाच ट्रे घेऊन आत येणारी, दोन वाक्यं बोलून निघून जाणारी मोलकरीण कथेची नायिका झाली होती.

मारियाची गोष्ट दोन वाक्यांत सांगितली तर भडक वाटते. वैद्यकीय शिक्षण घेणारा श्रीमंत मुलगा तिला नादी लावतो, दिवस गेल्यावर सोडून देतो, तिची नोकरी जाते. पुढे ती शिवणकाम शिकते, आपल्या हिमतीवर उभी राहते आणि कपड्यांची नामांकित डिझायनर होते. पण चारशे भागांच्या मालिकेत गोष्ट दोन वाक्यांची नसतेच. लांबलचक मालिकांना आपण सर्रास नावं ठेवतो. मला वाटतं, त्या लांबीतच त्यांची खरी ताकद आहे. सिनेमात नायिका एका गाण्यात साक्षर होते. इथे महिनोन् महिने जातात. आज एक अक्षर, उद्या दुसरं, परवा कंटाळा, तेरवा पुन्हा वही उघडणं. पाहणारी बाई स्वतः ज्या वेगाने शिकू शकेल जवळजवळ त्याच वेगाने मारिया शिकते. म्हणून लिमातल्या मोलकरणी रात्रीच्या साक्षरता वर्गांना आणि शिवणवर्गांना जाऊ लागल्या. कुणी त्यांना ‘जा’ म्हटलं नव्हतं.

मारियाच्या हाताखालचं मशीन सिंगर कंपनीचं होतं. मालिका ज्या ज्या देशात दाखवली गेली तिथे सिंगरच्या मशीनचा खप वाढला. कंपनीनेही जाहिराती दिल्या आणि साबी कामालिचला सोनेरी शिलाई मशीन भेट म्हणून दिलं. कंपनीचा फायदा झाला, याचं मला काही वाटत नाही. मला ते मशीन बाईच्या बाजूने जास्त दिसतं. मोलकरणीच्या आयुष्यात तिच्या मालकीचं असं काय असतं? भांडी मालकिणीची, खोली मालकिणीची, वेळसुद्धा मालकिणीची. पायाने चालवायचं मशीन ही एकच वस्तू अशी, जी एका कोपऱ्यात मावते, हप्त्यावर मिळते आणि घरात आल्या दिवसापासून पैसे मिळवून देते.

हे मी शिवणकामाच्या घरात वाढले म्हणून लिहू शकते. आई पुण्यातल्या आमच्या वाड्यात बायकांचे ब्लाउज शिवायची. मशीनच्या ड्रॉवरमध्ये बॉबिन, हुक, टेप आणि एक आडवी वही. वहीत प्रत्येकीच्या नावाखाली उंची, छाती, कंबर, मुंढा, बाही, पुढचा गळा, मागचा गळा. पाव इंचाचा हिशेब चुकला की काखेत घट्ट होणार, मग उसवा आणि पुन्हा टीप घाला. ती वही आठवली की मला लिमातल्या बायकांचं गणित कळतं. अक्षरओळख आणि शिवण या दोन वेगळ्या इच्छा नव्हत्याच. गिऱ्हाईक वाढायचं असेल तर मापं लिहावी लागतात, नावं लिहावी लागतात, आकडे वाचावे लागतात. मारियाच्या लेखिकेने हे मुद्दाम जुळवलं होतं की गोष्टीच्या ओघात जुळलं, याने फरक पडत नाही. पाहणाऱ्यांनी ते बरोबर उचललं.

मेक्सिकोत मिगेल साबिदो नावाचा नाटकवाला हे सगळं बारकाईने पाहत होता. तो तेलेविसा या बड्या टीव्ही कंपनीत काम करायचा. त्याने स्वतःला एक प्रश्न विचारला. केवळ करमणुकीसाठी लिहिलेल्या मालिकेने न ठरवता एवढं घडवलं, तर ठरवून लिहिलेली मालिका काय करेल? त्याने अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञाचा सिद्धांत घेतला की माणूस दुसऱ्याला पाहून शिकतो, आणि त्यावर एक पद्धत बसवली. मालिकेत तीन प्रकारची माणसं हवीत. एक चांगल्या वाटेवरची, एक वाईट वाटेवरची, आणि तिसरं अधेमधे लटकलेलं माणूस, जे चुकतं, मागे फिरतं आणि हळूहळू चांगल्या वाटेला लागतं. प्रेक्षकाने स्वतःला ओळखायचं ते या तिसऱ्यात. भागाच्या शेवटी एखाद्या नामवंताने येऊन दोन शब्द बोलायचे आणि कुठे जायचं, कुणाला भेटायचं ते सांगायचं.

१९७५-७६ मध्ये त्याची ‘वेन कोन्मिगो’ ही मालिका आली. विषय प्रौढ साक्षरता. एका भागात सांगितलं गेलं की शिकण्याची पुस्तकं अमुक ठिकाणी फुकट मिळतात. दुसऱ्या दिवशी मेक्सिको सिटीतल्या त्या केंद्रावर सुमारे पंचवीस हजार लोक येऊन धडकले. शहराची वाहतूक ठप्प झाली. प्रौढ शिक्षणाला नाव नोंदवणाऱ्यांची संख्या आदल्या वर्षाच्या मानाने जवळपास नऊ पट झाली. त्यानंतर कुटुंबनियोजनावर ‘आकोम्पान्यामे’ आली, तीही चालली. पण मी थांबते ती त्या पंचवीस हजारांपाशी. आपल्याला वाचता येत नाही, हे कबूल करत भर दिवसा रांगेत उभं राहायला मोठ्या माणसाला किती लाज गिळावी लागते! ती लाज एका मालिकेने कमी केली, कारण आदल्या रात्री त्याच्यासारखाच कुणीतरी टीव्हीवर तसाच उभा राहिला होता.

हा धागा आपल्याकडे आला तो एका मराठी माणसामुळे. वर्ध्याचे खासदार वसंत साठे तेव्हा केंद्रात माहिती आणि नभोवाणी मंत्री होते. आशियाई खेळांच्या वेळी देशात रंगीत टीव्ही यावा म्हणून हट्ट धरणारे ते हेच. १९८२ साली ते मेक्सिकोला गेले आणि तिथून ही कल्पना घेऊन परतले. मंत्रिपद लवकरच दुसरीकडे गेलं, पण काम पुढे सरकलं. पुढे खात्याचे सचिव एस. एस. गिल यांनी ते नेटाने तडीस नेलं. मनोहर श्याम जोशी लिहायला बसले, पी. कुमार वासुदेव यांनी दिग्दर्शन केलं आणि ७ जुलै १९८४ रोजी ‘हम लोग’ सुरू झालं. लिमाच्या एका मोलकरणीपासून निघालेली वाट मेक्सिकोवरून दिल्लीत आली आणि दिल्लीहून आमच्या वाड्यात.

पुण्याला टीव्ही दिसायचा तो सिंहगडावरच्या मनोऱ्याच्या कृपेने, आणि आमच्या वाड्यात तो होता मालकांकडे. ‘हम लोग’च्या वेळेला त्यांच्या बाहेरच्या खोलीत चपलांचा ढीग पडायचा. दारू पिऊन घराची धूळधाण करणारा बसेसर राम, सोशिक भागवंती, फौजेतून निवृत्त झालेले दादाजी, टोमणे मारणारी दादी, नोकरीसाठी वणवण करणारा लल्लू, क्रिकेटवेडा नन्हे आणि तीन बहिणी: बडकी, मझली, छुटकी. घर अगदी आमच्यासारखं. भिंतींचे पोपडे निघालेले, एका खोलीत एवढी माणसं, चहाच्या कपांना कान नाहीत. शेवटी अशोक कुमार यायचे. ते प्रेक्षकांशी असे बोलायचे की खोलीतला एखादा म्हातारा न राहवून त्यांना उत्तर देऊन मोकळा व्हायचा. मॅगी नूडल्सची जाहिरातही आम्ही तिथेच पहिल्यांदा पाहिली.

पहिल्या तेरा-एक भागांत कुटुंबनियोजनाचा उपदेश जास्त झाला आणि लोक कंटाळले. मग तो मागे सरकला, माणसं पुढे आली, आणि मालिकेने पकड घेतली. दीडशेहून जास्त भाग झाले. पत्रं किती यावीत? सुमारे चार लाख. त्यातली बरीचशी अशोक कुमारांच्या नावाने. दादीला कर्करोग झालेला दाखवला तेव्हा तिला मारू नका म्हणून लोक विनवत होते. बडकीचं लग्न ठरलं तेव्हा अभिनंदनाची पत्रं आणि तारा आल्या. तारा! त्या काळी घरात तार आली की आधी काळजात धस्स व्हायचं, कारण ती बहुधा कुणी गेल्याची असायची. ती तार लोकांनी बडकीसाठी पैसे मोजून पाठवली.

आणि तरीही ‘हम लोग’मधली जी गोष्ट मला सगळ्यात जास्त विचार करायला लावते, ती भागवंतीची. साबिदोच्या मापाने भागवंती हे नकारात्मक उदाहरण होतं. नवऱ्याची दारू, सासूची बोलणी, सगळं मुकाट्याने सोसणारी बाई. तिच्याकडे पाहून बायकांना वाटावं की असं जगू नये, असा लिहिणाऱ्यांचा हेतू. अरविंद सिंघल आणि एव्हरेट रॉजर्स या अभ्यासकांनी नंतर प्रेक्षकांची मतं तपासली, तेव्हा कितीतरी जणांना, त्यात बायकाही आल्या, भागवंतीच आदर्श वाटत होती.

मला याचं नवल वाटलं नाही, कारण मी तो वाद कानांनी ऐकला होता. आमच्या वाड्यात भांडी घासायला येणाऱ्या मावशी मालिकेच्या वेळी उंबऱ्याच्या आतल्या अंगाला भिंतीला टेकून बसायच्या. पदराला हात पुसायच्या आणि मग डोळे टीव्हीवर. एकदा बसेसर रामने धिंगाणा घातला आणि भागवंती काही न बोलता पुन्हा पोळ्या लाटायला बसली. आईच्या तोंडून गेलं, “कशाला सोसते ही?” मावशी म्हणाल्या, “वहिनी, ती सोसतीय म्हणून तर घर उभं हाय. ती उठली तर पोरींनी कुठं जावं?” आई गप्प बसली. मावशींचा नवरा प्यायचा, हे अख्ख्या वाड्याला माहीत होतं.

मावशी भागवंतीचं दुर्बळपण पाहतच नव्हत्या. त्या पाहत होत्या तिची ताकद. लिहिणारे दिल्लीत बसून भागवंतीवर ‘असं वागू नका’ अशी चिठ्ठी लावत होते, आणि उंबऱ्याशी बसलेली एक बाई म्हणत होती की माझ्या आयुष्याला तुम्ही वाईट उदाहरण कसं म्हणता? आई चूक होती असं मी म्हणणार नाही. सोसणं संपायलाच हवं. पण ज्या बाईकडे दुसरा मार्ग नाही तिला तिच्या सोसण्याचा मान हवा होता, आणि तो तिने मालिकेतून स्वतःच्या हाताने काढून घेतला.

हेच अमेरिकेत विनोदी मालिकेच्या बाबतीत घडलं होतं, आणि तेही बऱ्याच आधी. ब्रिटनमध्ये बीबीसीवर साठच्या दशकात जॉनी स्पाइट यांची ‘टिल डेथ अस डू पार्ट’ गाजत होती. लंडनच्या ईस्ट एंडमधला आल्फ गार्नेट हा तोंडाळ, गोऱ्या कातडीचा अभिमान मिरवणारा, बायकोवर खेकसणारा कामगार त्यातला मुख्य माणूस. नॉर्मन लिअर यांनी ती कल्पना अमेरिकेत नेली आणि जानेवारी १९७१ मध्ये ‘ऑल इन द फॅमिली’ सुरू केली. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातलं एक साधं घर. आर्ची बंकर आपल्या खुर्चीत बसून काळे, ज्यू, स्त्रिया, विद्यार्थी अशा सगळ्यांवर तोंडसुख घेतो, जावई त्याला विरोध करतो, आणि समोर बसलेल्या खऱ्याखुऱ्या प्रेक्षकांच्या हशात आर्चीचा मूर्खपणा उघडा पडतो. सलग पाच वर्षं ही मालिका अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर होती. लिअरना वाटत होतं की लोक आर्चीला हसतील आणि स्वतःतला आर्ची ओळखतील.

१९७४ मध्ये विडमार आणि रोकीच या दोन मानसशास्त्रज्ञांनी प्रेक्षकांना विचारून पाहिलं. ज्यांच्या मनात आधीच द्वेष होता त्यांना आर्ची मूर्ख वाटतच नव्हता. त्यांच्या मते तोच खरं बोलत होता, वादात तोच जिंकत होता. दोन्ही प्रकारचे लोक एकाच वाक्याला हसत होते, पण हसण्यामागची कारणं एकमेकांच्या विरुद्ध होती.

भागवंती आणि आर्ची यांची सांगड काही अभ्यासकांनीही घातली आहे, पण मला दोन्ही एकाच मापाची वाटत नाहीत. आर्चीच्या बाबतीत बलवान माणसाने आपल्या द्वेषाला आधार शोधला. भागवंतीच्या बाबतीत दुबळ्या माणसाने आपल्या जगण्याला आधार शोधला. प्रेक्षक आपल्याला हवं ते घेतो, एवढंच म्हणून सोडून देता येत नाही. घेणारा कोण आणि त्याला कशाची गरज होती, हे पाहावं लागतं. म्हणून लिहिणाऱ्याची जबाबदारी सुटत नाही. आर्चीसारखं पात्र लिहायचं तर त्याच्या तोंडच्या प्रत्येक वाक्याने समोरच्या घरात कोण दुखावलं जाईल याचा विचार करूनच लिहायला हवं. लिअरनी तो पुष्कळ केला होता, आणि तरी तो पुरला नाही.

जपानची ‘ओशिन’ याच कुळातली. सुगाको हाशिदा यांनी लिहिलेली, एनएचके या तिथल्या सार्वजनिक वाहिनीवर १९८३-८४ मध्ये रोज सकाळी लागणारी, २९७ भागांची मालिका. यामागाता भागात दुसऱ्याची जमीन कसणाऱ्या कुळाच्या घरची सात वर्षांची पोर एका पोत्याच्या तांदळाच्या बदल्यात वर्षभरासाठी दुसऱ्याच्या घरी राबायला पाठवली जाते. बर्फाच्या दिवसांत मोगामी नदीतून तराफा तिला घेऊन निघतो आणि काठावरून बाप तिच्यामागे धावतो, हा प्रसंग जपानमध्ये आजही लोक विसरलेले नाहीत. जपानी टीव्हीच्या इतिहासात एवढा प्रेक्षक कुठल्याच मालिकेला मिळाला नाही. सरासरी ५२ टक्क्यांच्या वर. ती साठाहून अधिक देशांत गेली. इराणमध्ये ती इराकबरोबरच्या युद्धाच्या काळात लागायची आणि तिथल्या बाजारात जुन्या कपड्यांच्या दुकानांना ओशिनच्या सासरच्या आडनावावरून ‘तानाकुरा’ म्हणू लागले. नवे कपडे विकत घेण्याची ऐपत नसलेल्यांना ओशिन किती जवळची वाटली असेल!

ठरवून केलेल्या मालिकांवर मी एवढे आक्षेप घेतले तरी त्यांनी जे केलं ते मला नाकारायचं नाही. साबिदोची पद्धत पुढे आकाशवाणीपर्यंत पोहोचली. १९९६-९७ मध्ये ‘तिनका तिनका सुख’ ही १०४ भागांची श्रुतिका हिंदी पट्ट्यात ऐकवली गेली. त्यात पूनम नावाची मुलगी हुंड्याच्या छळाने जीव देते. उत्तर प्रदेशातल्या लुत्सान नावाच्या गावात ती ऐकली गेली आणि तिथल्या एका शिंप्याने पुढाकार घेऊन आकाशवाणीला पत्र पाठवलं. पत्र कसलं, मोठा फलकच. हुंडा देणार-घेणार नाही, मुलींची लवकर लग्नं लावणार नाही, अशी शपथ, आणि खाली गावातल्या १८४ जणांच्या सह्या आणि अंगठे.

जुन्या मालिका जपायच्या म्हणजे फिती जपायच्या, असं आपण धरून चालतो. मला ते अर्धं काम वाटतं. आर्ची बंकरची जुनी खुर्ची १९७८ पासून वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे, आणि ते चांगलंच झालं. पण ‘हम लोग’ला आलेली पत्रं, बडकीच्या लग्नाच्या तारा, लुत्सानचा तो फलक यांना मी त्या खुर्चीइतकंच मोल देईन. पडद्यावर काय दाखवलं ते फितीत सापडेल. समोरच्या माणसाने त्यातून काय उचललं ते फक्त या कागदांवर आहे. आपल्याकडे मुंबई दूरदर्शनला १९७२ पासून घराघरांतून पोस्टकार्डं गेली आहेत. कधी मालिकेबद्दल, कधी वृत्तनिवेदिकेच्या साडीबद्दल, कधी नाटकातलं अमुक पात्र असं का वागलं म्हणून. कुणाच्या आजीच्या, काकूंच्या ट्रंकेत दूरदर्शनकडून आलेलं उत्तर असेल, पाठवायचं राहून गेलेलं कार्ड असेल, मालिका पाहताना वहीच्या मागच्या पानावर उतरवून घेतलेला पत्ता असेल, तर रद्दीत घालू नका. मागे तारीख आणि मालिकेचं नाव लिहून ठेवा, आणि आजी-काकू अजून आहेत तोवर त्यांना विचारा की तेव्हा त्यांनी नेमकं काय लिहिलं होतं.